फहार्दो एनबीएत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसातला मनिलाचा सहकारी येताजाता 'फजार्डो'चं नाव घेतो, त्याला ढिगाने एमव्हीपी (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) मिळालेत म्हणतो. मग एवढा मोठा खेळाडू एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, का नाही? आणि सरासरी उंची आपल्यासारखीच असलेल्या फिलिपिन्समध्ये बास्केटबॉलवर कुणाचं पोट भरतं का?

आधी नाव नीट करू. जून मार फहार्दो. स्पॅनिश वळणाचं नाव आहे, 'ज' चा 'ह' होतो. पुढच्या वेळी सहकाऱ्यासमोर फहार्दो म्हणून बघा, गडी खूश होईल.

मी बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) इंजिनियर होतो आणि बहुतेक जहाजांवर खलाशी फिलिपिनो असत. त्यांचा बास्केटबॉल मी पाहिला तो रिकाम्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात. चीनला लोखंडाचं खनिज उतरवून ऑस्ट्रेलियाला परत निघालो की होल्ड धुवायचा, आणि धुवून झाला की फिटरने सळईची गोल रिंग करून एका टोकाला वेल्ड केलेली असायचीच. वर डेकवर खेळून बघितलं होतं, पण तीन बॉल समुद्राला वाहिले तेव्हा कॅप्टनने बंद केलं. खाली होल्डमध्ये बॉल आपटला की देवळात घंटा वाजावी तसा घुमे. पोरं स्लिपरवर खेळत आणि कितीही धुतलं तरी तळवे खनिजाने लाल होत. आमचा बोसन (आपला सारंग हो) पाच फूट चार इंच, पन्नाशीचा, आणि त्याच्याकडून बॉल काढून घेणं मला कधी जमलं नाही.

तर उंचीचा मुद्दा तिथल्या लोकांच्या डोक्यातच नसतो. अमेरिकन राजवटीत वायएमसीए आणि शाळांमधून हा खेळ आला आणि गल्लीबोळात मुरला. बरांगाय म्हणजे आपला वॉर्ड समजा. तिथल्या 'लिगा' उन्हाळ्यात आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांसारख्या चालतात. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्स तिसरा आला होता. आशियाई देशाला त्यावर अजून जाता आलेलं नाही.

पोट भरतं का, तर भरतं. तिथली पीबीए ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, १९७५ पासून चालू. संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात: बिअरवाले, जिनवाले, रंगवाले, वीजवाले. कंपन्यांच्या संघांच्या आपल्या जुन्या क्रिकेट स्पर्धेची, टाइम्स शील्डची, आठवण येते. खेळाडू कॉलेजातून येतो, ड्राफ्टमध्ये नाव देतो, जो संघ उचलेल तिकडे जातो. पगाराला कमाल मर्यादा आहे, महिन्याला ४,२०,००० पेसो. रुपयांत सहा लाखांच्या आसपास. तिथे ही रक्कम मोठी, पण जपानच्या बी लीगने गेल्या काही वर्षांत तरुण पोरं ओढायला सुरुवात केली ती याच आकड्यामुळे. आणि लोकप्रियता म्हणाल तर रॉबर्ट यावोर्स्की नावाचा खेळाडू-प्रशिक्षक १९९८ मध्ये थेट सिनेटवर निवडून गेला.

आता फहार्दो. सेबू प्रांतातला, १९८९ चा जन्म, उंची ६ फूट १० इंच. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मनिलाची कॉलेजं हा तिथला राजरस्ता. टीव्ही तिथे, प्रायोजक तिथे. हा मात्र सेबूच्याच कॉलेजात खेळला, युनिव्हर्सिटी ऑफ सेबू. तरीही २०१२ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला उचलला गेला. उचलणारा संघ पेट्रॉन ब्लेझ, म्हणजेच सान मिगेल. मधे काही काळ नाव बदललं होतं. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला कॅल्विन अब्वेवा, आणि वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला तो अब्वेवा. फहार्दो नव्हे. उंच आहे पण अवघडलेला आहे, असं तेव्हा आमच्या मेसरूममध्येही बोललं जायचं.

त्याला घडवला डॅनी इल्देफॉन्सोने. हा सान मिगेलचाच जुना सेंटर (रिंगखाली खेळणारा उंच गडी), २००० आणि २००१ चा एमव्हीपी. रिंगकडे पाठ करून बॉल कसा घ्यायचा, खांद्याने बचावपटू कुठल्या बाजूला आहे ते कसं चाचपायचं, पाय कुठे रोवायचा, हे सगळं बारीक काम. फहार्दोचा खेळ आजही तेवढाच आहे. तीन पावलांच्या टापूत उभं राहायचं, हात वर करायचा, बॉल आला की एक धक्का, एक वळण, हुक. तुम्ही एनबीएच्या क्लिप्स बघून आला असाल तर पाच मिनिटांत जांभई येईल. पण ते थांबवता येत नाही, हीच तर गंमत.

थांबवता न येण्याला लीगचे नियमही कारणीभूत आहेत, ते सांगायला हवं. वर्षात सहसा तीन स्पर्धा होतात. त्यातल्या फिलिपिन कपमध्ये परदेशी खेळाडूला मज्जाव. बाकीच्या दोन्हींत एकेक 'इम्पोर्ट' चालतो, पण त्याच्या उंचीवर मर्यादा. गव्हर्नर्स कपमध्ये ती बराच काळ ६ फूट ५ इंच होती. म्हणजे बाहेरून आणलेला अमेरिकन फहार्दोपेक्षा पाच इंच बुटका! शिवाय सान मिगेल उद्योगसमूहाचे लीगमध्ये एक सोडून तीन संघ, त्यामुळे तगडे साथीदार मिळाले. रॉस, कॅबॅग्नॉट, लॅसिटर, सान्तोस आणि हा, असे पाच जण. 'डेथ फाइव्ह' म्हणत. विरोधक यावरून नाकं मुरडतात आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

तरी आकडे बघा. २०१४ ते २०१९ सलग सहा एमव्हीपी. त्याआधी सर्वाधिक होते चार, रामोन फर्नांडेझ आणि ॲल्विन पॅट्रिमोनियो या दोन दिग्गजांचे, प्रत्येकी, अख्ख्या कारकिर्दीत. सान मिगेलने फिलिपिन कप सलग पाच वेळा जिंकला.

त्या पाचांतला दुसरा, २०१६ चा, आम्ही समुद्रावरून 'पाहिला'. उपांत्य फेरीत फहार्दोचा गुडघा दुखावला. अंतिम फेरीत समोरच्या अलास्का नावाच्या संघाने पहिले तिन्ही सामने घेतले. सातांतले चार जिंकायचे असतात, त्यामुळे खेळ खलास. आमचा बोसन सेबूचा. त्याने फहार्दोसाठी सान मिगेल धरलेला. इंजिनरूममधला ऑइलर अलास्कावाला. कोकच्या एका केसची पैज. चौथा सामना सान मिगेलने फहार्दोशिवाय काढला, पाचव्याला तो परतला, मग सहावाही काढला. सातव्याच्या रात्री आम्ही फिलिपिन्सच्या बेटांमधून जात होतो. त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज येते, म्हणून ड्युटी नसलेले सगळे डेकवर, हात वर करून. बोसन ब्रिजच्या विंगवर. बायकोचा मेसेज आला, त्यात दोनच आकडे: ९६-८९. कोणाचे ९६ ते लिहिलंच नव्हतं! पुढची वीस मिनिटं त्या माणसाचं जे झालं ते मी विसरणार नाही.

९६ सान मिगेलचे होते. ०-३ वरून मालिका पीबीएत कुणी प्रथमच जिंकली. एनबीएत अजूनही कुणाला जमलेलं नाही. अंतिम फेरीचा एमव्हीपी मात्र ख्रिस रॉस, फहार्दो नव्हे. बिअरचा संघ म्हणून लोकांनी त्या प्रकाराला 'बीरॅकल' नाव ठेवलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये सरावात फहार्दोच्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि तो अख्खा मोसम गेला. पुढच्या वर्षी आई गेली. तिशी ओलांडलेला, एवढ्या वजनाचा सेंटर, मोडलेली नडगी. त्याचं संपलं असं मी इथेच एका धाग्यावर लिहिलं होतं, शोधलंत तर सापडेल. २०२३ मध्ये त्याला सातवा एमव्हीपी मिळाला, २०२४ मध्ये आठवा. मधे ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्ण: उपांत्य फेरीत चीनला ७७-७६, अंतिम फेरीत जॉर्डनला ७०-६०. फिलिपिन्सला हे सुवर्ण १९६२ नंतर पहिल्यांदाच मिळालं.

आता एनबीए. ६ फूट १० इंच ही उंची तिथे सेंटरसाठी जेमतेम, आणि फहार्दो धावायला सावकाश, लांबून क्वचितच फेकणारा. गेल्या दहा वर्षांत तिथे या घडणीचा खेळाडू मोडीतच निघालाय. फिलिपिन्समध्ये जन्मून वाढलेला कुणीच एनबीएच्या नियमित मोसमात अजून खेळलेला नाही; जॉर्डन क्लार्कसन खेळतो, पण तो अमेरिकेत वाढलेला. फहार्दो तिथे गेला असता तर बाकावर बसला असता, असं माझं मत. पीबीएत २०१२ पासून एकच संघ, आणि राष्ट्रीय संघातर्फे २०१४, २०१९ आणि २०२३ चे विश्वचषक. स्पेनमध्ये २०१४ ला सेनेगलला जादा वेळेत ८१-७९ हरवलं तेव्हा मुख्य सेंटर ब्लाश फाउलांमुळे बाहेर गेला होता आणि रिंगखाली हाच उभा होता. तो विश्वचषकातला त्यांचा चाळीस वर्षांतला पहिला विजय.

बघायचंच असेल तर तो सेनेगलचा सामना आधी बघा, शेवटची पाच मिनिटं पुरेत. आणि सहकाऱ्याला एनबीएचं विचारू नका. तो सान मिगेलचा की गिनेब्राचा (म्हणजे जिनवाल्यांचा), एवढंच विचारा आणि जेवणाच्या सुट्टीत विचारा. चहाच्या सुट्टीत आटपणार नाही.