शरणपूरची गोष्ट किती ठशांत सांगावी?

प्रश्न : मी नाशिकमध्ये चित्रकला शिकवतो. शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला राहिलेल्या, गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांवर विद्यार्थ्यांकडून बारा लिनोकटांची (लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका करवून घेण्याचा विचार आहे. कच्च्या आराखड्यात सात चित्रे जहाज, साखळ्या आणि चाबूक यांचीच झाली आहेत. गुलामगिरीविरोधी लढा मुद्राचित्रांतून कसा मांडावा?
— एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : सातांपैकी पाच चित्रे काढून टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. साखळदंडांचीच चित्रे एकामागून एक आली की पाहणाऱ्याच्या मनात दया उरते आणि ज्यांची गोष्ट सांगायची ती माणसे मात्र हरवतात.

अमेरिकन चित्रकार जेकब लॉरेन्स यांनी १९३८ साली हैतीच्या मुक्तिलढ्याचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर याच्यावर ४१ चित्रे रंगवली होती. पुढे १९८६ ते १९९७ या काळात त्याच विषयावर स्क्रीन प्रिंट (जाळीतून रंग उतरवून छापलेली चित्रे) करताना त्यांनी १५ प्रसंगच ठेवले. जॉन ब्राऊन या गुलामगिरीविरोधी बंडखोरावरील त्यांची १९४१ सालची २२ चित्रे नाजूक होऊन प्रदर्शनात ठेवण्याजोगी न राहिल्यामुळे १९७७ मध्ये त्यांचे स्क्रीन प्रिंट काढण्यात आले. त्यातले पहिले चित्र क्रूसावरील ख्रिस्ताचे आहे आणि शेवटचे फाशी दिलेल्या ब्राऊनचे. या दोन लटकत्या आकृतींमधले नाते लॉरेन्स शब्दांत सांगत नाहीत, कारण मधली वीस चित्रे ओलांडून आलेल्या डोळ्याला ते आपोआप कळते. आपल्या मालिकेतही असे एखादे रूप पुन्हा येऊ द्यावे.

रंगांविषयीही त्यांची एक सवय घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेकडून उत्तरेकडील स्थलांतरावरील ६० चित्रे त्यांनी शेजारी शेजारी मांडून, एकेक रंग सर्व चित्रांत भरत पूर्ण केली होती. लग्नपत्रिका छापणाऱ्या आपल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही, कारण तेही एका रंगाची सगळी छपाई आटोपून मगच दुसरी जाळी लावतात. बारा ठशांना मिळून चार रंग पुरेत. वेगवेगळ्या हातांनी कोरलेली चित्रे त्यामुळेच एका मालिकेतली वाटतील.

आता प्रसंगांकडे वळू. अरबी समुद्रातील गुलामवाहू गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेल्या मुलांपैकी काही शरणपूरला आली आणि येथे लिहायला-वाचायला व कारागिरी शिकली. त्यांतले काही जण पुढे आफ्रिकेला परतले. १८७३ साली स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे आफ्रिकेत निधन झाले, तेव्हा त्यांच्यासोबत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. (त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हा योगायोग एका चित्राचा विषय होऊ शकेल.)

प्रसंग सांगणाऱ्या ओळी चित्राखाली स्वतंत्र छापाव्यात, फार तर दोन वाक्यांत. अपवाद एकाच चित्राचा करावा. लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूनंतर जेकबने तेथील झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. त्या प्रसंगात ती अक्षरे चित्रातच यायला हवीत आणि आपल्या विद्यार्थ्याने ती लिनोवर उलटी कोरावीत, म्हणजे कागदावर सरळ उमटतील.