खवल्या, खवले मांजर की खवलेमांजर?

प्रश्न असा आहे: 'आमच्या देवराईच्या तोंडाशी पाटी लागलीय, तिच्यावर खवले मांजर असं लिहिलंय. घरात सगळे खवल्या म्हणतात. बरोबर काय? आणि तो मांजर नाहीच, तर मांजर म्हणावं का?'

'खवल्या' हा दाढ्या, ढेऱ्या यांच्या पंगतीतला शब्द. खवले असलेला तो खवल्या. पुढे मांजर लावलंत तर 'खवल्या मांजर' हे दोन शब्द. 'खवले' घेतलंत तर मात्र समास होतो: कांदे घातलेले पोहे ते कांदेपोहे, तसं खवले असलेलं मांजर ते खवलेमांजर. (कांदे पोहे असं तोडूनही लिहितात म्हणा, हॉटेलांच्या पाट्या बघा.) तेव्हा तुमच्या पाटीवरची ती फट तेवढी बुजवायची. लिंगही सांभाळा: तो खवल्या, ते खवलेमांजर.

आता मांजर. रात्री कुंपणाशी कुत्र्याहून लहान, जमिनीलगत काही सरकलं की आपण मांजर म्हणून मोकळे होतो. उदमांजर, जवादी मांजर, पाणमांजर. यातलं एकही मार्जारकुळातलं नाही. उलट वाघाटी ही खरीखुरी रानमांजर, तर तिच्या नावात मांजर नाही. आषाढी द्वादशीला जिची भाजी करतात ती वाघाटी वेगळी, तो वेल. कन्नड शेजाऱ्यांना याच प्राण्यात डुक्कर दिसलं, ते चिप्पुहंदी म्हणतात. मलायी लोकांनी त्याची खोड पाहिली: पेंगुलिंग, म्हणजे अंग गुंडाळून घेणारा. त्यावरून पँगोलिन.

मांजर म्हटलं की लोकांना कोंबड्या पळवणारं काहीतरी वाटतं, म्हणून पँगोलिनच म्हणा, असं काही निसर्गप्रेमी सांगतात. गैरसमजाची ही भीती अगदीच खोटी नाही. बिचाऱ्याला दातसुद्धा नसतात. मुंग्या आणि वाळवीवर जगतो. पण आमच्या काजूच्या बागेत एकदा वारूळ कुशीतून फोडलेलं दिसलं, ओल्या मातीत नखांच्या खोल रेघा, मागे शेपूट फरफटल्याचा पट्टा. शेजारचे काका वाकून बघून एवढंच म्हणाले, "खवल्या येऊन गेलो." ज्यांच्या बागेत तो येतो त्यांच्या तोंडी असलेलं नाव काढून घेऊन त्याला कसं वाचवणार?

माझी खरी तक्रार बातम्यांच्या मथळ्यांवर आहे. 'खवल्यांची तस्करी, दोघे ताब्यात.' खवला आणि खवल्या, दोन्हींचं 'खवल्यांची' असंच रूप होतं. मग पकडलं काय, जिवंत प्राणी की पोत्यात भरलेले खवले? एकात जीव वाचला, दुसऱ्यात कधीच गेला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे आणि 2017पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे, म्हणजे गुन्हा दोन्हीकडे. तरी वाचणाऱ्याला फरक कळायला हवा. 'जिवंत खवलेमांजर' किंवा 'खवलेमांजराचे खवले' असं लिहायला दोन अक्षरं जास्त लागतील, लागू देत. नुसतं 'खवले' म्हटलं की आमच्याकडे आधी बाजारातली मावशी आठवते, कोयती पुसत विचारणारी, "खवले काढून देऊ?"