प्रथमोपचार पेटी तुझ्याकडं आली असेल तर

भावा, शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, प्रथमोपचाराची पेटी तुझ्याकडं दिली असेल, तर आधी तिचं कुलूप काढ. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असली तर पेटी नसल्यातच जमा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणं दर 150 कामगारांमागं किमान एक पेटी लागायची, आणि तिच्यासाठी प्रशिक्षित माणूस कामाच्या पूर्ण वेळेत हजर असावा लागायचा. म्हणजे रात्रपाळीलासुद्धा. घोळ तिथंच असतो!

आपल्याकडं खरी भीती भाजण्याची. माणसाला आधी भट्टीपासून लांब ने, कारण वितळलेल्या धातूवर पाणी पडलं तर स्फोट होतो. मग भाजल्या जागी नळाचं वाहतं पाणी, घड्याळ लावून 20 मिनिटं. कोणीतरी टूथपेस्ट नाहीतर हळद घेऊन पळत येतंच, त्याला बाजूला कर. बर्फही नको. अंगठी, कडं सूज यायच्या आत काढ, पण कातडीला चिकटलेला कपडा ओढू नकोस.

ग्राइंडिंगचा कण डोळ्यात रुतला तर चोळू द्यायचं नाही, उकरायचंही नाही. डोळा झाकून थेट डॉक्टरकडं.

पेटीत निर्जंतुक गॉज आणि रोलर बँडेज भरपूर ठेव. प्रशिक्षणात पुतळ्यावर छाती दाबायला, म्हणजे सीपीआर शिकायला, स्वतः पुढं हो, लाजू नकोस. आणि 108 नंबर पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिही.