‘ड्रंकन मास्टर’मधले आठ दारुडे देव खरे आहेत का?

तुमचा प्रश्न असा आहे की ‘ड्रंकन मास्टर’ सिनेमात जॅकी चॅन ज्या आठ दारुड्या देवांची नावं घेऊन मारामारी करतो, ते चिनी लोककथेत खरंच आहेत की सिनेमावाल्यांनी रचलेत? आणि दारू पिऊन असं लढता येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी देते. नाही. मी कॉलेजात असताना चार वर्षं वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, केली. पूर्ण शुद्धीवर, पोटात फक्त पोहे असताना झिंगल्यासारखं पडायला गेले आणि माकडहाडावर अशी आपटले की पंधरा दिवस वर्गात उशी घेऊन बसावं लागलं. प्यायलेल्या माणसाचं काय होईल, तुम्हीच बघा.

आता ते आठ जण. खरे आहेत, म्हणजे आपले नवनाथ जितके खरे तितके. चिनी भाषेत त्यांना ‘बा श्यान’ म्हणतात. ‘बा’ म्हणजे आठ. ‘श्यान’चं भाषांतर देव असं झालं की घोटाळा सुरू होतो. हे अक्षर लिहिताना डावीकडे माणूस काढतात आणि उजवीकडे डोंगर. साधना करून, औषधं सेवून, श्वास साधून मरणाच्या पलीकडे गेलेला माणूस तो श्यान. आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द ‘सिद्ध’. चीनच्या जुन्या ताओ पंथातले हे आठ सिद्ध वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या थरांतले. युआन राजवटीतल्या (तेरावं-चौदावं शतक) नाटकांनी त्यांना एका मंचावर आणलं आणि त्यानंतरच्या मिंग राजवटीच्या काळापर्यंत आजची आठ नावं पक्की झाली.

मला त्यातला सगळ्यात आवडतो ली थिएग्वाय, म्हणजे लोखंडी कुबडीवाला ली. हा मुळात देखणा होता म्हणे. एकदा ताओ पंथाचे आद्य गुरू लाओत्से यांना भेटायला देह सोडून निघाला. शिष्याला सांगून गेला, सात दिवस देह सांभाळ, नाही आलो तर जाळ. सहाव्या दिवशी शिष्याला निरोप आला की आई आजारी आहे. त्याने देह जाळला आणि घर गाठलं. ली परत येतो तो राखच. शेवटी नुकत्याच मेलेल्या एका लंगड्या भिकाऱ्याच्या देहात शिरला आणि त्याच रूपात कायमचा राहिला. हातात कुबडी, खांद्यावर औषधाचा तुंबा. मच्छिंद्रनाथांच्या परकायाप्रवेशाची गोष्ट ऐकून वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही, पण आपल्या गोष्टीत राजाचा देह मिळतो आणि याला भिकाऱ्याचा. फरक मला तिथेच दिसतो.

लान त्सायह तर त्याहून विचित्र. एका पायात बूट, दुसरा अनवाणी, अंगावर फाटका निळा झगा. उन्हाळ्यात आत कापूस भरलेले कपडे, थंडीत बर्फात झोप, आणि अंगातून वाफा निघतायत. लांब चिपळ्या वाजवत बाजारातून गात फिरायचं, मिळालेली नाणी दोरीत ओवून जमिनीवरून फरफटत न्यायची, गळाली तर मागे वळूनही बघायचं नाही. तो पुरुष की स्त्री हेही कथा धड सांगत नाहीत. एके दिवशी दारूच्या गुत्त्यात पीत असताना आकाशातून वाद्यांचे आवाज आले, आणि हा बूट, झगा, चिपळ्या खाली टाकून वर निघून गेला.

बाकीच्यांचं थोडक्यात. जोंगली छुआन उघड्या पोटाचा, पंखेवाला. जांग ग्वोलाव पांढऱ्या गाढवावर उलटा बसतो आणि मुक्कामाला पोचला की गाढव कागदासारखं घडी करून ठेवतो. हान श्यांगझी बासरीवाला. कवी हान यू (768–824) याचा तो नातलग. त्साव ग्वोज्यू म्हणजे बादशहाचा मेहुणा, आठातला एकटा दरबारी कपड्यातला. ह श्यानगू ही बाई, तिच्याकडे शेवटी येते.

आणि ल्यू दोंगबिन. पाठीला तलवार, परीक्षांत नापास झालेला विद्वान, आणि दारूचं म्हणाल तर आठातला खरा पिणारा हा. जोंगली छुआनशी त्याची गाठ गुत्त्यातच पडली. चुलीवर बाजरीसारखं भरड धान्य शिजत होतं, तेवढ्यात ल्यूचा डोळा लागला. स्वप्नात नोकरी, बढती, बायका-मुलं, मग आरोप, जप्ती, बर्फात एकटा उभा. दचकून उठला तर धान्य अजून शिजायचंच होतं. तिथेच त्याने नोकरीचा नाद सोडला. ती जागा म्हणून शीआनमध्ये आजही आठ सिद्धांचं मंदिर दाखवतात. तुंगथिंग सरोवराच्या काठी युएयांग मनोऱ्यात तो तीनदा येऊन प्याला आणि कुणी ओळखलं नाही अशीही कथा आहे; मनोऱ्याशेजारी ‘तीनदा झिंगल्याचा मंडप’ उभा आहे.

म्हणजे बघा, दोन-तीन जण पिणारे. मग आठच्या आठ दारुडे कसे झाले? माझा अंदाज सांगते. थांग राजवटीच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) दू फू या कवीची एक प्रसिद्ध कविता आहे, तिच्यातही ‘दारूतले आठ सिद्ध’ आहेत. पण ते हे नव्हेत. ती सगळी राजधानीतली हाडामांसाची माणसं. एक जण पिऊन घोड्यावर असा डुलतो की जणू नावेत बसलाय, आणि विहिरीत पडला तर तळाशीच झोपतो. कवी ली बाय बादशहाचं बोलावणं आलं तरी नावेत चढत नाही, म्हणतो मी दारूतला सिद्ध. दोन्हीकडे आकडा आठ, दोन्हीकडे शब्द श्यान. लोकांच्या तोंडी ही दोन मंडळं एकमेकांत मिसळली नसती तरच आश्चर्य.

आता मुष्टियुद्ध. ‘झुइ छुआन’ म्हणजे झिंगलेली मूठ. हे एकच एक घराणं नाही. दक्षिणेतल्या छाय ली फूसारख्या घराण्यांत ‘झिंगलेले आठ सिद्ध’ नावाचा क्रम, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, आहे, उत्तरेकडे वेगळे आहेत, झिंगलेली तलवार आहे, काठी आहे. छिंग राजवटीच्या काळातल्या (1644–1912) मुष्टियुद्धाच्या पोथीत या आठांवरची कवनं सापडतात, त्यामुळे ही जोडणी सिनेमाच्या आधीची हे नक्की. सिद्ध इथे शिकवणीला नसतात, आठवणीला असतात. लंगडा ली म्हटलं की एका पायावर तोल आणि दुसऱ्याची लाथ. पंखेवाला म्हटलं की कवेत रांजण धरल्यासारखे हात. ज्याला लिहिता-वाचता येत नाही अशा शिष्यालाही क्रम पाठ व्हावा, अशी ती सोय.

मूठ पूर्ण मिटत नाही. अंगठा आणि तर्जनी अशी वाकवायची की मधे छोटा पेला मावेल. त्याच हाताने गळा धरता येतो, मनगट अडकवता येतं. डोकं मागे टाकून पेला रिचवल्यासारखं केलं की समोरच्याची नजर हातावर जाते आणि ठोसा चेहऱ्यावरून हुकतो. पाय आडवेतिडवे पडतात, पण दर वेळी वजन कुठल्या पायावर आहे ते करणाऱ्याला ठाऊक असतं, बघणाऱ्याला नसतं. शिकवणारे एक वाक्य सारखं म्हणतात, ज्याचा अर्थ असा की अंग झिंगलेलं, मन शुद्धीवर. आमचे सर मराठीत सांगायचे, ‘पडायचंय, पण पाडून घ्यायचं नाही.’

यातलं अवघड काय, तर पडणंच. पाठीवर, कुशीवर, मासा उसळतो तसं हात न टेकता पुन्हा उभं राहणं. आधी गादीवर, मग सतरंजीवर. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडत पडायचं. मी नेमका श्वास धरला होता, म्हणून ते माकडहाड. त्यात पोटाचे आणि कमरेचे स्नायू इतके लागतात की साधे क्रम पक्के झाल्याशिवाय सर हा प्रकार कुणाला शिकवतच नसत.

सिनेमाचं म्हणाल तर 1978 सालचा तो सिनेमा युएन वू-पिंगचा, आणि दारुड्या गुरूचं काम केलंय दिग्दर्शकाच्याच वडिलांनी. ते चिनी संगीत नाटकातून आलेले. जॅकी चॅनही लहानपणी हाँगकाँगमधल्या तशाच नाटकशाळेत घडला. पेकिंगच्या रंगभूमीवर झिंगणं ही जुनी विद्या आहे. तिथे झिंगलेली राणी कमरेतून मागे वाकून दातांनी पेला उचलते, आणि ते बघायला लोक तिकीट काढतात. म्हणून पडद्यावर जे दिसतं त्यात मुष्टियुद्ध थोडं आणि रंगभूमी जास्त, असं माझं मत. नायकाचं नाव मात्र खऱ्या माणसाचं, वाँग फेई-हुंग. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातला, मुष्टियुद्धाच्या हुंग घराण्याचा उस्ताद. तिथे त्याची ख्याती वाघ-करकोच्याच्या क्रमासाठी, दारूसाठी नव्हे.

सिनेमात नायक आठवा क्रम शिकायचा टाळतो, कारण तो बाईचा. शेवटच्या मारामारीत तोच लागतो, तेव्हा तो लाडीगोडीचे, ठुमकायचे हावभाव करून वेळ मारून नेतो. हसू येतं खरं. पण आम्ही वर्गात तिघी मुली होतो, आणि दर वेळी कुणीतरी तो प्रसंग आमच्यासमोर करून दाखवायचा, तेव्हा वैताग यायचा. कथेतली ह श्यानगू ठुमकतही नाही आणि पीतही नाही. क्वांगतुंगमधली मुलगी. स्वप्नात कुणी सांगितलं म्हणून अभ्रकाची पूड खाऊ लागली आणि अंगाने हलकी होत गेली. लग्न करणार नाही म्हणाली. पहाटे डोंगरमाथ्यांवरून पळत जायची आणि संध्याकाळी आईसाठी रानफळं घेऊन परतायची. पुढे थांग काळातल्या सम्राज्ञी वूने तिला दरबारी बोलावलं. माणसं न्यायला आली, ती त्यांच्याबरोबर निघालीही, आणि वाटेतच नाहीशी झाली.