ग्लायोसार्कोमाला मांसार्बुद म्हणावं का?

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: मामांच्या बायोप्सीच्या रिपोर्टात 'ग्लायोसार्कोमा' (मेंदूतल्या कॅन्सरचा एक प्रकार) आलंय. ओळखीच्या वैद्यांनी त्याचं मराठी 'मांसार्बुद' सांगितलं. ते बरोबर का? आणि ग्लायोसार्कोमा 'तो' की 'ते'?

ताई, मांसार्बुद नको. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस, आणि अर्बुद म्हणजे गाठ, तिथून ते सुचलं असणार. पण हा शब्द मोकळा नाही, सुश्रुतसंहितेने तो कधीच अडवून ठेवलाय. तिथलं मांसार्बुद बुक्कीसारखा मार लागलेल्या अंगावर येतं, दगडासारखं घट्ट असतं, दुखत नाही. मांसाहाराचा फार शौक असणाऱ्याला होतं, असंही म्हटलंय. घरात कुणी हे वाचलं की 'मामा जिन्यावरून पडले होते ना, त्याचंच हे' सुरू होणार. शिवाय सुश्रुताच्या लक्षणात अर्बुद सावकाश वाढतं. ग्लायोसार्कोमा चौथ्या म्हणजे सगळ्यात वरच्या ग्रेडचा, भराभर वाढणारा.

मांसार्बुदात शब्दाचा पहिला अर्धा भाग तर गळूनच जातो. 'ग्लिया' म्हणजे सरस, सुताराकडचा. मेंदूतल्या चेतापेशींना धरून ठेवणारा भाग म्हणून जर्मन डॉक्टर फिरखोने 1856 मध्ये 'न्यूरोग्लिया' हे नाव दिलं. पुढे त्या पेशी नुसत्या सरसाच्या नाहीत, बरीच कामं करतात हे कळलं; नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

या गाठीत दोन्ही अर्धे खरोखर शेजारी दिसतात. काचपट्टीवर रेटिक्युलिनचा (ऊतींमधल्या बारीक धाग्यांचा) चांदीचा रंग दिला की सार्कोमाच्या भागात काळ्या धाग्यांचं दाट जाळं उमटतं, ग्लियाच्या भागात धागे जवळजवळ नसतातच. जीएफएपीचा (ग्लियाच्या पेशींतल्या एका प्रथिनाचा) तपकिरी रंग दिला की नेमकं उलट. दोन कापडांची ठिगळं जोडलेली गोधडीच. पूर्वी वाटायचं, दोन वेगळ्या गाठी एकमेकींना भिडल्या असाव्यात. पण दोन्ही भागांत तेच जनुकीय बदल सापडले, म्हणजे मूळ एकच. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरचाच हा विरळा प्रकार, शंभरात साधारण दोन.

म्हणून कागदावर ग्लायोसार्कोमाच ठेवा. घरात 'मेंदूतली कॅन्सरची गाठ' म्हणा. नुसतं 'गाठ' आपल्या बडोद्यात पुरत नाही. शेजारचे 'गांठ छे' म्हणतात तेव्हा ती काखेतली साधी चरबीचीही असू शकते.

लिंगाचं म्हणाल तर गाठ ती, अर्बुद ते, ट्यूमर तो. ग्लायोसार्कोमा ट्यूमरच्या मागे जातो: 'तो काढला', 'तो परत आला'. तुम्ही 'आलंय' लिहिलंत ते रिपोर्टातल्या शब्दाबद्दल, तेही चालतं.