प्रार्थनेत जाऊबाई येतात तेव्हा

टोरांटोच्या एका ताईंचं पत्र आलंय. उन्हाळ्यात रात्री अकराला भांडी आवरून त्या मोबाइलवर बायबल उघडतात, तेव्हा नगरला सकाळचे साडेआठ झालेले असतात आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो यायला लागतात. सासऱ्यांच्या घराला नवा रंग, नवी फरशी, दारावर धाकट्या दिरा-जावेच्या नावाची पाटी. शास्त्रपाठ राहतो बाजूला, मनातल्या मनात जाऊबाईंशी भांडण जुंपतं. ‘असे विचार येतात म्हणजे माझा विश्वास कच्चा का?’ असं त्या विचारतात.

ताई, विचार येणं हे पाप नव्हे. अरण्यात सैतानानं प्रभूपुढेही मोह मांडलेच की. येशूनं त्याच्याशी वाद घालत न बसता तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं एकेक वचन ऐकवलं (मत्तय ४). चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस या साधूनं हीच रीत धरली. छळणारे विचार त्यानं आठ प्रकारांत मांडले आणि त्यांना उत्तर द्यायला शास्त्रातली वचनं काढून ठेवली. त्या आठांत राग आहे, खिन्नता आहे, पैशाचा लोभही आहे. तिथं ना जाऊ ना ग्रुप, तरी डोकं काही गप्प बसत नव्हतं!

गडबड होते ती आलेल्या विचाराला आपण पाट मांडून बसवतो तेव्हा. प्रेषित पौलानं कैदेतून फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात कशाचं मनन करावं याची यादी दिली (४:८), तिच्यात पहिलं नाव ‘सत्य’ आहे. शुद्ध, प्रशंसनीय वगैरे मागाहून. आता रात्रीचं ते भांडण आठवा. त्यात जाऊबाईंची वाक्यं कोण रचतं? तुम्हीच. पाटी लागली, हे खरं. ‘आम्हाला हुसकायचंय त्यांना’, हे तुम्ही जोडलेलं. जोडलेलं दिसलं की तिथंच थांबा आणि स्तोत्र १३९ चा शेवट, ‘देवा, माझं मन तपासून बघ’ अशी विनवणी आहे तो, मोठ्यानं म्हणा, मराठीतच. रागवायचं मराठीत आणि प्रार्थना इंग्रजीत, हे जमत नाही.

बायबल छापील घ्या, ग्रुप रात्री म्यूट करा. आणि मुलांच्या कानावर हे पडू देऊ नका. त्यांना काकू फक्त व्हिडिओ कॉलवर माहीत आहे.

उरला हिश्शाचा प्रश्न. तो खरा असेल तर नुसत्या प्रार्थनेनं दाबू नका. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूच सांगतो (मत्तय ५:२३-२४). यजमानांना म्हणावं, रविवारी उपासनेनंतर भावाला फोन करा आणि घराच्या उताऱ्यावर नावं कोणाकोणाची आहेत ते सरळ विचारा. क्षमा करूनही हिस्सा मागता येतो.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तेच ते विचार हटत नसतील, तर पाळकसाहेबांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. डॉक्टरकडे गेल्यानं विश्वास कमी होत नाही.