चार्ली हार्पर यांचे स्वाक्षरीचे पक्षीचित्र घेण्यापूर्वी

विक्रेत्याने आपल्याला दाखवलेले पक्षीचित्र अमेरिकेतील सिनसिनाटीचे चित्रकार चार्ली हार्पर (१९२२–२००७) यांचे असल्याने, किमतीविषयी बोलण्याआधी ते खरोखर स्क्रीन प्रिंट (जाळीदार पडद्यातून शाई दाबून एकेक रंग उतरवलेले चित्र) आहे का, हे पाहावे. दहापट भिंगाखाली प्रत्येक रंग सलग व सपाट दिसला पाहिजे; बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती ऑफसेट, म्हणजे ठिपक्यांनी रंग साधणारी यंत्रावरची छपाई समजावी, मग खाली स्वाक्षरी असो वा नसो. विक्रेत्याकडून तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र अवश्य मागवावे, कारण पडद्यातून उतरलेल्या शाईचा थर कागदावर किंचित उठून दिसतो आणि हार्पर यांच्या मोजक्या भौमितिक आकारांचे सारे सौंदर्य, माझ्या मते, त्या दाट रंगातच आहे.

स्वाक्षरी पेन्सिलची आहे की चित्राबरोबरच छापलेली आहे, हेही भिंगाखाली कळते. त्यांच्या निधनानंतर छापलेल्या प्रतीवर त्यांची हाताने केलेली स्वाक्षरी असणे शक्यच नाही, म्हणून छपाईचे वर्ष लेखी घ्यावे.

चौकटीतले चित्र बाहेर काढून दाखवण्याचा आग्रह धरावा. कापलेला समास, माउंटखालचा (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखालचा) पिवळा पट्टा आणि उडालेला लाल रंग काचेमागे सहज लपतात.